डाव्या पायाच्या सहा पट्ट्या

पहिल्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने मला विचारलं, "कुणाची आई?"

"कुणाची नाही," मी म्हटलं. "इंटर्न आहे. मीडियाची."

त्याने माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं, कॉलेजच्या पत्रावरचा शिक्का पाहिला, आणि पुन्हा केसांकडे पाहिलं. "जा मग आत. पोरं मॅटवर हायेत. चपला भाईर काढा."

तेव्हा मला सत्तेचाळिसावं सुरू होतं. त्याआधी अठरा वर्षं मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. कोणता बोल्ट कोणत्या कप्प्यात, किती उरले, कधी मागवायचे, हे सगळं माझ्या वहीत असायचं, आणि वहीत नसलेली वस्तू माझ्या लेखी जगातच नसायची. मग कारखाना दुसऱ्या राज्यात हलला आणि आम्ही माणसं इथेच राहिलो. घरी बसल्यावर मी डाळींच्या डब्यांना लेबलं लावली, मग औषधांच्या खोक्याला, मग गच्चीतल्या कुंड्यांना. एका रविवारी नवरा म्हणाला, "मला लेबल लावायच्या आत काहीतरी शोध बाई." मी नगरच्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या पदविकेला नाव घातलं. वर्गातली मुलं माझ्या मुलीहून लहान होती. ती मला नोट्स मागायची, मी त्यांना मोबाईलवर व्हिडिओ कसा कापायचा ते विचारायचे. चांगलं जमलं आमचं.

शेवटच्या सत्रात पंचेचाळीस दिवसांची इंटर्नशिप करावी लागते. मुलांनी वर्तमानपत्रं आणि पुण्याची चॅनेलं धरली. मी सुप्याजवळचा कबड्डी क्लब निवडला. कारण सांगायला लाज वाटत नाही: माझा जुना कारखाना त्याच रस्त्याला होता आणि एसटीचं वेळापत्रक मला पाठ होतं. कबड्डीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

क्लब व्यावसायिक होता. मालकांचा औद्योगिक वसाहतीत कारखाना होता, आणि त्याच्याच एका रिकाम्या शेडमध्ये मॅट अंथरलेलं होतं. मागच्या खोल्यांमध्ये चौदा खेळाडू राहायचे, सगळे हंगामापुरत्या करारावर. माझं काम असं: सराव चालू असताना शूटिंग करायचं, रोज एक रील बनवायची, तिला मजकूर लिहायचा आणि पुण्यात बसलेल्या मीडिया मॅनेजरला पाठवायची. त्याने 'ओके' म्हटलं की क्लबच्या पानावर टाकायची. मॅनेजर चोवीस वर्षांचा होता, मला 'मॅम' म्हणायचा, आणि पंचेचाळीस दिवसांत मी त्याला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं.

तिसऱ्या दिवशी मी तपासणीची यादी केली. दहा ओळी. जर्सीवरचा नंबर दिसतो का, प्रायोजकाचा फलक कापला गेला नाही ना, मागे कुणी कपडे बदलत नाही ना, आवाजात शिवी नाही ना, नाव बरोबर लिहिलंय ना, असं सगळं. दहाही ओळींपुढे खूण झाल्याशिवाय माल स्टोअरबाहेर जाणार नाही, ही माझी जुनी सवय. पोरं हसायची.

"मावशी, माझ्यापुढं खूण करा ना एक. आंघोळ केली का न्हाई त्याची."

"तुझ्यापुढे फुली आहे," मी म्हणायचे. "वास येतोय इथवर."

मला मावशी म्हणायला सुरुवात केली ती आमच्या मुख्य चढाईपटूने. हा मिरजगावकडचा. वय एकतीस, म्हणजे त्या शेडमध्ये म्हाताराच. समोरच्या सात जणांच्या अंगणात एकट्याने जायचं, एखाद्याला शिवायचं आणि पकडीतून निसटून परत यायचं, हे काम तो बारा वर्षं करत होता. चढाईला निघताना तो मॅटला हात लावून कपाळाला लावायचा आणि मग असा काही चालायचा, की जणू शेजाऱ्याकडे विरजण मागायला निघालाय. सगळ्यात जास्त रील्स मी त्याच्याच केल्या. त्याच्या बायकोला त्या आवडायच्या. "तिनं मला खेळताना कधी पाह्यलंच न्हाई नीट," तो म्हणायचा. "सामन्याला आली की डोळे मिटून बसती. मोबाईलवर बघती आता, कारन त्यात मी पडल्यालं तुमी कापून टाकता."

त्याने काय पणाला लावलंय ते मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. शेडच्या पायरीवर बसून तो शेंगा सोलत होता.

"मावशी, हंगाम संपला की क्लब यादी लावतो. फुडच्या वर्षी कुनाला ठेवलं त्याची. पोरांचं बरं असतं, हितं न्हाई तर दुसरीकडं. माझं वय झालंय. ह्या यादीत नाव आलं तर मी खेळाडू. न्हाई आलं तर संपलं."

"संपलं म्हणजे?"

"म्हंजे संपलं. कोन घेतंय एकतीसच्या घोड्याला?" आणि मुठीतल्या शेंगा माझ्यापुढे धरल्या. "घ्या. खारट न्हाईत."

मालकांचा निर्णय शेवटच्या दोन सामन्यांवर होता. त्यातला पहिला नगरच्या इनडोअर हॉलमध्ये, म्हणजे घरच्याच लोकांपुढे.

आता चाचांचं सांगायला हवं. चाचा क्लबचे मालिशवाले. नगरच्या तालमीत पैलवानांची अंगं रगडण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि उतारवयात ते कबड्डीकडे आले. फिजिओ होता, पण तो पुण्याहून फक्त मंगळवारी यायचा. बाकीचे सहा दिवस सगळ्यांचे गुडघे आणि घोटे चाचांच्या हातात. रोज सकाळी सरावाआधी ते चढाईपटूला बाकावर बसवून त्याचे दोन्ही घोटे बांधायचे. बाकीचे धावायला गेलेले असायचे, शेडमध्ये शांतता असायची, आणि चाचांच्या बोटांचं काम बघत राहावं असं होतं.

आमच्या कॉलेजात सर सांगायचे, सगळ्यांना दिसतं ते लिहू नका, तपशील आणा. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी मला तो तपशील सापडला. चाचांनी डाव्या घोट्याला आधी कापूस लावला, मग टाचेखालून वर ओढत एक कडक पट्टी, तिच्यावर तिरकी दुसरी, मग तिसरी. मी मोजत होते. सहा झाल्या. उजव्या घोट्याला मात्र भरपूर कापूस आणि एकच पट्टी. मग दोन्ही पायांवर सारखंच पांढरं बँडेज, वर मोजे. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही पाय अगदी जुळे वाटावेत.

मला फार आनंद झाला. वरून, जवळून, आधी हात आणि पाय, शेवटी त्याच्या जर्सीवरचा नंबर, असं सगळं मी टिपलं होतं. खाली लिहिलं, 'डाव्याला सहा, उजव्याला एक. चाचांचं गणित चाचांनाच ठाऊक!' यादी काढली. दहाच्या दहा खुणा झाल्या. मॅनेजरला पाठवली. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "मॅम, काय डिटेल आहे! टाका." मी टाकली. तोवरच्या माझ्या कुठल्याही रीलपेक्षा ती वेगाने पसरायला लागली. दुपारचा डबा मी त्या दिवशी चवीने खाल्ला.

खेळाडूंनी ती पाहिली नाही, कारण सामन्याच्या आदल्या सकाळीच कोच सर सगळ्यांचे मोबाईल कपाटात ठेवत. पाहिली ती चाचांच्या नातवाने, आणि त्याने आजोबांना फोन लावून त्यांची कीर्ती झाल्याचं कळवलं. चाचा शेडच्या दुसऱ्या टोकाहून माझ्याकडे चालत आले. हाताला तेल तसंच होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "एक सांगा. त्याचे दोन्ही पाय मी बांधतो ते कशाला? शोभेला?"

मी म्हटलं, "दोन्ही दुखत असतील."

"एकच दुखतो. डावा. दोन वर्षं झाली. तरी दोन बांधतो. का?"

आणि मग, ते पुढे बोलायच्या आत, मला कळलं. स्टोअरमध्ये मौल्यवान सुटा भाग कुठल्या कप्प्यात आहे हे कप्प्यावर कुणी लिहीत नाही. कबड्डीत समोरच्या सात जणांचं लक्ष चढाईपटूच्या पायांवर असतं. कोणता पाय दुखरा ते कळलं की सगळे त्याच घोट्यावर झडप घालणार. म्हणून ही माणसं एक पाय दुखत असला तरी दोन्ही बांधतात, सारखेच बांधतात, आणि त्याबद्दल कुणापाशी बोलत नाहीत. कोपऱ्यात उभं राहून पकड करणाऱ्या आपल्या पोरांचेसुद्धा चाचा असेच दोन्ही गुडघे बांधायचे. मी महिनाभर रोज ते पाहत होते. माझ्या दहा ओळींत पाय कुठेच नव्हता.

मी रील काढून टाकली. चार तास ती तिथे होती. काढून झाल्यावर दहा मिनिटांनी कोल्हारच्या माझ्या मावसभावाने मला एक व्हिडिओ पाठवला. "हा तुमच्याच क्लबचा ना? आमच्या कबड्डीच्या ग्रुपवर आलाय. मस्त आहे." पाण्यात साखर पडली की चमचा घेऊन बसण्यात अर्थ नसतो.

कोच सरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते बाहेर खुर्ची टाकून चहा पीत होते. सगळं ऐकून घेतलं. मी ओरडा खायच्या तयारीने उभी होते, तो मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

"मॅडम, तुम्ही याआधी कबड्डी कुठं पाहिली होती?"

"टीव्हीवर. कधीतरी."

"मग तुमची कशी चूक? पट्टी बांधताना मी दार लावून घ्यायला पाहिजे होतं." कप खाली ठेवून ते म्हणाले, "समोरच्या संघाने ती पाहिली असणार असंच धरून चालायचं आता."

"त्याला उद्या बसवता येणार नाही?"

"बसवतो की. मालक उद्या खास त्यालाच बघायला येतायत. बसवला तर तो यादीतून गेला. खेळवला तर निदान..."

मी व्यवहारी बाई आहे. अडचण आली की मी रडत नाही, पर्याय काढते. अठरा वर्षं मला त्याचाच पगार मिळत होता. म्हणून तिथेच उभ्या उभ्या मी म्हटलं, "सर, मग उलटं बांधू. उजवा जाड. भरपूर, दिसेल असा. डावा हलका, वरून नुसता मोजा. त्यांनी रील पाहिली असली तरी प्रत्यक्षात उजवा जाड दिसला की त्यांना वाटेल, रीलमध्ये आपण डावं-उजवं उलट पाहिलं. मोबाईलवर कधी कधी उलटं दिसतंच."

कोच सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅटकडे. "मी हे ऐकलं नाही," ते म्हणाले आणि उठले. दारापर्यंत जाऊन वळले. "चाचांना विचारा."

चाचांनी ऐकताच मान हलवली. "नाही. पट्टी पायासाठी असते मॅडम. लोकांसाठी नसते."

"मग उजवा कुणासाठी बांधता रोज?" मी म्हटलं. "लोकांसाठीच ना?"

मी वाद जिंकला. तो जिंकल्याचा मला आनंद झाला होता हेही इथे लिहून ठेवते.

चढाईपटू बाकावर बसून आमचं ऐकत होता. तो मोठ्याने हसला. "चाचा, मावशीचं डोकं बघा! स्टोअरवाली हाय. कुठला माल कुठं दडवायचा ते तिला बरूबर ठावं."

"डाव्याला सहाच्या दोन पट्ट्या होतील," चाचा म्हणाले. "वरून मोज्यात बसल्या पाहिजेत ना. पाय वळला तर दोन पट्ट्या धरणार नाहीत."

"वळतंय कशाला? मी काय नाचायला चाललोय?"

त्या संध्याकाळी माझ्या वहीत मी उद्याच्या कामांमध्ये एक ओळ लिहिली होती: फिजिओला फोन. लिहून झाल्यावर मी चढाईपटूला विचारलंही, "फिजिओ सरांना एकदा विचारू का रे?"

त्याचं हसू गेलं. "नका, मावशी. त्यो म्हनंल खेळू नको. मग काय करायचं?"

मी फोन केला नाही. वहीत ती ओळ अजून आहे. तिच्यापुढे खूण नाही.

सामन्याला हॉल भरला होता. मालक पुढच्या रांगेत बसले होते, शेजारी चार पाहुणे. त्याची बायको वरच्या रांगेत होती आणि तिने डोळ्यांवर आधीच हात धरला होता. मी मॅटच्या कडेला, कॅमेऱ्यासाठी आखून दिलेल्या चौकोनात गुडघ्यांवर बसले. त्याने मॅटला हात लावला, कपाळाला लावला, आणि विरजण मागायला निघाला.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. समोरच्यांचे डोळे पाहत होते. ते सगळे उजव्या पायाकडे बघत होते. जाड, पांढऱ्या, गरोदर बाईसारख्या फुगलेल्या उजव्या घोट्याकडे. त्यांच्या डाव्या कोपऱ्यातला पोरगा पहिल्याच चढाईत त्याच्यावर झेपावला. धडधाकट पाय होता तो. त्याने झटका दिला, पोराच्या हातात नुसतं बँडेजचं टोक राहिलं, आणि आमचा गडी दोघांना शिवून परत आला. हॉल उसळला. दुसरी चढाई, पुन्हा उजवा, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तर तो माझ्यासमोरून परत येताना डोळा मारून गेला. पहिल्या डावात त्याला एकदाही कुणी धरू शकलं नाही. मालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाकावरून चाचांनी माझ्याकडे पाहून हळूच हात वर केला. चाचांनी हार मानली होती. आयुष्यात मला क्वचितच असं वाटलं असेल, की मी हलवलेली गोष्ट नेमकी जागेवर बसली.

दुसऱ्या डावात, सातव्या की आठव्या मिनिटाला, तो पुन्हा गेला. मधल्या रेषेजवळच होता. कुणी त्याच्यापासून हातभर अंतरावरही नव्हतं. त्याने हूल द्यायला डावीकडे एक गिरकी घेतली, तीच गिरकी जी तो सरावात दिवसातून पन्नास वेळा घ्यायचा, आणि तो खाली बसला. पडला नाही, बसला. समोरच्या सातही जणांनी एकदम हात वर केले. आम्ही हात लावला नाही, असं ते पंचांना दाखवत होते. खरंच कुणी लावला नव्हता. हॉलमध्ये कुणाला काय झालं तेच कळेना. तो स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत होता, आपला नसल्यासारखा.

मी चौकोनात होते. त्या चौकोनाबाहेर पडायची मला परवानगी नव्हती. कॅमेरा सुरूच होता. मोबाईलवर पुण्याहून मेसेज आला: "मॅम, चेहऱ्याचा क्लोजअप मिळतोय का?"

चाचा आणि कोच सर धावले. चाचांनी मोजा काढला आणि त्या दोन पट्ट्यांवर हात ठेवून नुसते बसून राहिले. वरच्या रांगेत त्याच्या बायकोने कधी नव्हे तो डोळ्यांवरचा हात काढला होता.

सामना आम्ही हरलो की जिंकलो हे मला नंतर विचारावं लागलं. जिंकलो होतो. स्ट्रेचर बाहेर गेल्यावर मी तारा गोळा करत होते, तेव्हा समोरच्या संघाचे कोच आमच्या कोच सरांशी हात मिळवायला आले. वयस्कर, भला माणूस.

"वाईट झालं हो," ते म्हणाले. "पण मला एक कळलं नाही. त्याचा तर उजवा पाय दुखरा होता ना? पट्टी केवढी होती! मी पोरांना म्हटलं, उजवा धरा. मग गेला तो डावा कसा?"

आमचे कोच सर म्हणाले, "तुम्ही... आमचं काही पाहिलं नव्हतं का? मोबाईलवर?"

"मोबाईल? अहो, सामन्याच्या आधी तीन दिवस मी कुणाला मोबाईल बघू देत नाही. मीही बघत नाही. डोळे खराब होतात."

कोच सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम नाही पाहिलं, हे मला कळलं. समोरच्या संघाने रील पाहिलीच नव्हती. म्हणजे नेहमीसारखे दोन जुळे पाय आणि डाव्याला सहा पट्ट्या असत्या, तर काहीच झालं नसतं. किंवा झालंही असतं. पण ज्या चुकीतून मी त्याला सोडवायला निघाले होते, ती चूक कुणाच्या लेखी घडलीच नव्हती. घडलं होतं ते फक्त माझं सोडवणं.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूबंध पूर्ण तुटलाय, ऑपरेशन लागेल. चालायला येईल. खेळण्याचं नंतर बघू. 'नंतर बघू' हे डॉक्टर कधी म्हणतात ते मला घरच्या अनुभवावरून ठाऊक आहे.

दोन दिवसांनी मी भेटायला गेले. मी सगळं सांगायचं ठरवून गेले होते, आणि सांगितलं. समोरच्यांनी रील पाहिली नव्हती, उलटं बांधायची गरजच नव्हती, कल्पना माझी होती. मुद्दे लिहून नेले होते, नाहीतर माझ्याच्याने झालं नसतं.

त्याची बायको खिडकीशी मोसंबी सोलत होती, तिचे हात थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

"पन मावशी," तो म्हणाला, "पहिल्या डावात काय खेळलो! कुनाला हात लावू दिला न्हाई. तुमी घेतलंय ना सगळं?"

"घेतलंय."

"हिला दावा. हिनं डोळं मिटलं हुतं."

मग बायको पाणी आणायला गेली तेव्हा त्याने आवाज खाली केला. "यादीचं काय म्हनतेत? तुमी तिथं बसता. कायतरी कानावर येत असंल. मालकांनी पाह्यलंय ना पहिला डाव?"

"पाहिलाय. उभं राहून टाळ्या वाजवत होते."

"मग ठेवतील," तो म्हणाला. "एक वर्ष वाट बघतील. व्हय ना?"

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मी कोच सरांकडे गेले. ते म्हणाले, "मी बोललोय मॅडम. मालक पाय बघतात. पायाला काय कारण झालं ते नाही बघत." मग मी मालकांच्या नावाने दोन पानांचा अर्ज लिहिला. क्रमांक घालून, मुद्देसूद. पायाची गोष्ट कशी झाली, जबाबदार कोण, त्याला पुढच्या हंगामात खेळाडू नाही तर सहायक म्हणून तरी कसं घेता येईल. कारखान्यात माझे अर्ज कधी परत आले नव्हते. हा अर्ज परत आला नाही, की पुढेही गेला नाही. ऑफिसातल्या मुलीने तो ट्रेमध्ये ठेवला. मी रोज जाता-येता पाहायचे. आधी तो वर होता, मग त्याच्यावर कुरिअरची पाकिटं आली, मग तो दिसेनासा झाला. चाचांना मी एकदा म्हटलं, "तुम्ही मला अडवायला हवं होतं." ते म्हणाले, "अडवलं होतं मॅडम. तुम्ही बोलण्यात हुशार." त्यात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

इंटर्नशिप संपायला तीन दिवस होते तेव्हा मॅनेजरचा मेसेज आला. पुढच्या हंगामासाठी ठेवलेल्या खेळाडूंची यादी, अकरा नावं. मी तिचं चित्र बनवायचं, प्रत्येकाचा फोटो घालायचा, संध्याकाळी सहाला पानावर टाकायचं. "सहाच्या आधी कुणालाही नाही, मॅम. प्लीज. खेळाडूंनाही नाही."

मी नावं वाचली. मग बोट ठेवून वाचली. मग खालून वर वाचली. यादी चुकली असेल तर ती शोधणं हे माझं काम होतं, आणि यादी चुकलेली नव्हती.

चार वाजता त्याचा फोन आला. मिरजगावला घरी गेला होता, मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मावशी, यादी आज हाय म्हनं."

"हो."

"ती तुमच्याकडंच येती ना आधी? चित्र तुमीच करता."

माझ्यापुढे पडद्यावर अकरा चेहरे होते. एकाचा फोटो नीट बसत नव्हता म्हणून मी तो मोठा करत होते.

"अजून आलेली नाही," मी म्हटलं.

"आली की सांगा हां. फोन जवळच ठेवलाय. चार्जिंगला लावून."

मॅनेजरचं बंधन होतं, हे खरं. पण मी खोटं बोलले ते बंधनामुळे नाही. सांगायची हिंमत नव्हती, आणि दोन तास तो आशेवर राहील तेवढं तरी राहू दे, असं काहीतरी मी स्वतःला समजावलं. ते त्याच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

सहाला मी बटण दाबलं. सहा वाजून तीन मिनिटांनी पहिल्या काही लाईकमध्ये त्याचं लाईक आलं. खाली त्याने लिहिलं, "सगळ्यांचं अभिनंदन. भारी खेळा." त्याने मला परत फोन केला नाही.

कॉमेंटना क्लबच्या वतीने उत्तर देणं हे माझंच काम होतं. प्रत्येकाला हात जोडल्याचं चिन्ह आणि 'धन्यवाद' अशी पद्धत. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना उत्तरं दिली. त्याची कॉमेंट सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून मेसेज आला, "मॅम, एक कॉमेंट राहिली आहे वाटतं."

मी पान उघडलं. हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, पुढे 'धन्यवाद' लिहिलं, आणि क्लबच्या नावाने पाठवून दिलं.